मयत बबन, अर्जदार बबन

आमच्या नगरपालिकेत जन्म आणि मृत्यू एकाच खोलीत, शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचे. जन्माच्या टेबलावर देसाईबाई होत्या. त्यांच्याकडे पेढे यायचे, जिलेबी यायची, आणि नाव काय ठेवू म्हणून सल्लाही विचारला जायचा. माझ्या टेबलावर मृत्यू. माझ्याकडे यायची ती टक्कल केलेली, रात्रभर एसटीत बसून आलेली, चिडलेली किंवा रडलेली माणसं, आणि त्यांच्या हातात कुठल्या तरी कचेरीनं दिलेली चिठ्ठी. देसाईबाई मोठ्या मनाच्या, अर्धा पेढा माझ्या कागदांवर ठेवायच्या. त्या अर्ध्या पेढ्यांवर मी बावीस वर्षं काढली.

नगरपालिकेचं नाव लिहीत नाही. सांगली जिल्ह्यातली, एवढं पुरे. या भागात दवाखाने भरपूर. त्यामुळे निम्म्या सातारा जिल्ह्यातली आणि पार विजापूरकडची माणसं इकडे उपचाराला येतात, आणि जी वाचत नाहीत ती माझ्या रजिस्टरात येतात. कायदा असा, की माणूस जिथं मरतो तिथं त्याची नोंद होते. तो जन्मला कुठं, राहत कुठं होता, जाळला कुठं, याच्याशी रजिस्टराला देणंघेणं नाही. हे एक वाक्य मी दिवसातून किमान दहा वेळा बोललो असेन आणि एकालाही पटलं नाही. "आवं, पर मातीला समदं गाव हुतं की आमच्याकडं," असं म्हणून माणसं आधी आपल्या ग्रामपंचायतीत जायची, तिथून तहसीलला, तिथून कुणी तरी माझ्याकडे पिटाळायचं. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांचा सगळा राग पिकलेला असायचा आणि तो माझ्या टेबलावर सांडायचा.

दुसरं दुखणं 'ओरिजनल'चं. तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी वडिलांच्या दाखल्याच्या बारा प्रती घेऊन गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. म्हणाले, "या सगळ्या कॉप्या आहेत. बँकेला ओरिजनल पाहिजे. ती तुम्ही ठेवून घेतलीत." मी त्यांना रजिस्टर दाखवलं. म्हटलं, ओरिजनल हे. हे घरी नेता येत नाही. यातून जो उतारा मी लिहून, सही घेऊन, शिक्का मारून देतो, तो प्रत्येक उतारा सरकारी आहे, पहिलाही आणि बारावाही. ते बराच वेळ रजिस्टराकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एका दिवसापुरतं मिळेल का? गाडी आहे माझ्याकडे."

आणखी एक सांगतो, पुढं लागणार आहे म्हणून. या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. एकदा लिहिलं ते लिहिलं. चूक निघालीच तर मूळ नोंदीला हात लावायचा नाही. बाजूच्या समासात दुरुस्ती लिहायची आणि तिथं साहेबांची तारखेसह सही. म्हणजे चूकही कायम राहते आणि तिची दुरुस्तीही. मला या पद्धतीचा अभिमान होता. माझ्या हातच्या एकाही पानावर डाग नव्हता, हे मी नवीन लागलेल्या लोकांना पानं उलटून दाखवत असे.

तर त्या काळातली गोष्ट. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ झाले होते, पण आमच्या कचेरीत अजून कॉम्प्युटर नव्हता. सगळं हातानं. एक दिवस दुपारी माण तालुक्यातला एक तरुण आला. डोक्यावर नुकते कुठं केस फुटत होते, म्हणजे बाप गेलेला हे मी न विचारताच ओळखलं. दहिवडीकडून विटा, विट्याहून सांगली, मग इथवर असा पहाटेपासून निघालेला. म्हणाला, "सायेब, दाखला पायजे. वडलांचा. पाच कॉप्या."

मी मान वर न करता विचारलं, "नाव?"

"बबन ढेंबरे."

महिना विचारला, दवाखाना विचारला, रजिस्टर काढलं. सापडलं. बबन ढेंबरे, पुरुष, वय पंचावन्न, राहणार माण तालुका. वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा होता. दवाखान्याच्या कागदावरच रिकामा, म्हणून रजिस्टरातही रिकामा. पाच उतारे लिहिले. साहेबांची सही झाली, शिक्के मारले. त्यानं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, हात जोडले आणि गेला.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला पाच आठवडे लागले.

पाच आठवड्यांनी तोच तरुण पुन्हा समोर उभा. आता केस बऱ्यापैकी वाढलेले. त्यानं साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीचं पत्र माझ्यापुढे ठेवलं. त्याचा बाप रस्त्याच्या कामावर कायम मजूर होता. आयुष्यभर घाटातले खड्डे भरून नोकरीत असतानाच वारला. अशा वेळी घरातल्या एकाला अनुकंपा म्हणून नोकरी मिळते. मुलानं मुंबईतलं कॅन्टीनचं काम सोडून अर्ज केला होता. पत्रात लिहिलं होतं, "अर्जासोबत जोडलेल्या दाखल्यावरून अर्जदार श्री. बबन ढेंबरे हे स्वतःच मयत असल्याचे दिसून येते. तरी अर्जदाराने याबाबत खुलासा करावा." खाली तारीख होती. त्या तारखेपर्यंत दुरुस्त दाखला आला नाही तर अर्ज निकाली.

मी पत्र दोनदा वाचलं. मग त्याला विचारलं, "बबन कोण?"

"मीच की."

"मग वडिलांचं नाव काय?"

"गणपत. गणपत रामा ढेंबरे."

"अरे मग त्या दिवशी बबन का सांगितलंस?"

"तुमी इचारलं, नाव? मी सांगितलं. मला वाटलं माझंच इचारताय. मी दाखल्यावर बबन वाचलं, तवाबी वाटलं अर्ज करणाऱ्याचं नाव आसंल."

माझ्या टेबलाशी उभ्या असलेल्या जिवंत माणसाला मी त्याच्याच मृत्यूचे पाच दाखले दिले होते. सही-शिक्क्यानिशी. तो समोर श्वास घेत होता आणि मी वय पंचावन्न लिहीत होतो. देसाईबाईंना आधी हसू आलं, मग त्यांनी माझा चेहरा बघितला आणि फायलीत डोकं घातलं.

पण रजिस्टरात बबन आला कुठून? मी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. हे माझं काम नव्हतं, पण चूक अर्धी माझी होती. तिथल्या रेकॉर्डच्या माणसानं भरतीचा कागद काढला. पेशंटचं नाव, बबन ढेंबरे. सोबत आलेली व्यक्ती, पत्नी. खाली अंगठा. तो माणूस म्हणाला, "आम्ही घरची माणसं सांगतात ते लिहितो. आमचा कागद बरोबर आहे." कागद कायमच बरोबर असतो. चुकतात ती माणसं.

बबन बाहेर येऊन पायरीवर बसला. मग म्हणाला, "आई आणि जीपवाला, दोगंच हुती त्या दिवशी. मी मुंबईत. आई नाव न्हाई घेत सायेब. बाबांचं नाव तिनं आजवर घेतलं न्हाई. त्या लोकांनी इचारलं आसंल, पेशंटचं नाव काय, तर म्हणाली आसंल, बबनचं वडील."

म्हणजे असं झालं. लिहिणाऱ्यानं 'बबन' ऐकलं आणि 'वडील' सोडून दिलं.

आता दुरुस्ती. स्पेलिंग चुकलं, काना राहिला, वय एक-दोन वर्षांनी इकडेतिकडे झालं, तर मी एका दिवसात करून देत असे. इथं अख्खा माणूस बदलायचा होता. आमचे साहेब नियमाला पक्के, आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही. जमिनीच्या वादात जिवंत भावाला मेलेला दाखवणारे महाभाग आम्ही पाहिले होते. साहेब म्हणाले, "रेशनकार्ड आणा, नोकरीचं पुस्तक आणा, ग्रामपंचायतीचं पत्र आणा. आणि माहितगार दोघांचे जबाब. त्यातली एक ती बाई पाहिजे, जिचा अंगठा दवाखान्याच्या कागदावर आहे. तिनं माझ्यासमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं, कोण वारलं ते. मुलाचा जबाब नको. त्याचा यात लाभ आहे." मग पुढं म्हणाले, "शिवाय कागदोपत्री तो वारलेला आहे."

कागद गोळा करण्यात दोन खेपा गेल्या. एकदा ग्रामसेवक रजेवर. एकदा साताऱ्याहून नोकरीचं पुस्तक आलं, पण त्यावर गोल शिक्का नव्हता. प्रत्येक खेपेला त्या पोराचा दिवस जायचा आणि माझं डोकं. शेवटी साताऱ्याच्या पत्रातल्या तारखेला एक दिवस उरला असताना तो आईला घेऊन आला. बरोबर बापाच्या टोळीचा मुकादम होता, दुसरा जबाब द्यायला.

मुकादमाचं काम पाच मिनिटांत झालं. गणपत रामा ढेंबरे, माझ्या हाताखाली होता, मी ओळखत होतो, सही.

मग हौसाबाई. बारीक, काळीसावळी, कपाळ मोकळं. एसटी लागली होती म्हणून हातात अर्धं लिंबू. साहेबांनी जबाबाचा कागद पुढं घेतला. "माझे पती नामे" इथंवर लिहून ते थांबले.

"हं, बोला. नवऱ्याचं नाव?"

बाई गप्प.

"मावशी, नाव सांगा," मी म्हटलं.

"बबन सांगंल."

"बबननं सांगून चालत नाही."

"मग त्या मुकादमानं सांगितलंय की."

"तुम्ही सांगायचं आहे. नुसतं नाव. तीन शब्द."

तिनं पदर तोंडाशी घेतला आणि खिडकीकडे बघत म्हणाली, "देवाचं नाव हाय."

"कुठल्या देवाचं?" साहेबांनी विचारलं. त्यांनाही वाटलं असेल, निदान मार्ग तरी निघेल.

"ज्याला सोंड हाय त्यो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. सरकारी कागदावर सोंडेचा रकाना नाही. मी म्हटलं, "म्हणजे गणपती?" तिनं मान हलवली. "मग ती वरची वेलांटी काढा आणि म्हणा." ती नाही म्हणाली. बबननं नंतर सांगितलं, की गणपतीच्या दिवसांतही ती त्या देवाला नुसतं 'मोरया' म्हणते. गणपती हा शब्द घरात उच्चारत नाही.

अर्धा तास गेला. बाहेर माणसं खोळंबली. पाच वाजले की साहेब उठणार, उद्या त्यांची जिल्ह्याला मीटिंग, आणि साताऱ्याची तारीखही उद्याचीच. बबन आईच्या पायाशी उकिडवा बसून म्हणत होता, "आयं, येकदाच. येकदा म्हण आन मोकळी हो. माझी नोकरी जातीया गं." ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती, पण तोंड उघडत नव्हती.

देसाईबाई उठून आल्या. बायकांचं बायकांना कळतं, असं आम्हाला वाटलं. त्या जवळ बसून म्हणाल्या, "मावशी, नुसतं जमत नसेल तर उखाण्यात घ्या. लग्नात घेतलं असेल की. इथं कुणी हसणार नाही."

हौसाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "बाई, उखाणा कुकवावर घेत्यात. आता कसला उखाणा?"

देसाईबाई उठून जागेवर गेल्या.

आणि मग माझा तोल गेला. आजही आठवलं की लाज वाटते. मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "अहो, मेलेल्या माणसाचं नाव घेतल्यानं आता आणखी काय व्हायचं राहिलंय? या पोराचं वाटोळं करणार आहात का? दवाखान्यात तेव्हाच नीट नाव सांगितलं असतंत, तर आम्हा सगळ्यांवर ही वेळ आली नसती."

तिनं लिंबू पिशवीत ठेवलं. पदर सारखा केला. आणि साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "गणपत रामा ढेंबरे."

साहेबांनी लिहून घेतलं. तिनं दम घेतला.

"आता घेतलं. आता काय न्हाई त्याचं. पर दवाखान्यात इचारलं तवा ते जित्तं हुतं. गाड्यावर पडल्यालं, डोळं उगडं, माझ्याकडं बघत हुतं. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं, आसं माझी आय सांगायची. तसल्या वक्ताला मी नाव घेऊ? घेतलं आसतं, आन मग गेलं आसतं, तर मला वाटलं आसतं मीच मारलं."

इतक्या वर्षांत मी हजारो नावं लिहिली, पण नाव लिहिण्याआधी माणूस काही काळ जिवंत असतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं.

साहेबांनी स्टॅम्पपॅड पुढं केलं. तिनं जबाबाखाली अंगठा उठवला. मी रजिस्टर उघडलं आणि समासात दुरुस्ती लिहिली, 'मयताचे नाव गणपत रामा ढेंबरे असे वाचावे,' पुढं जबाबांचा संदर्भ. साहेबांनी सही केली. बबननं पाच उतारे घेतले, या वेळी प्रत्येकावरचं नाव बोट ठेवून वाचलं.

निघायचं तर हौसाबाई उठेना. रजिस्टराकडे बघत तिनं विचारलं, "ह्या वहीत मेलेल्या मानसांची नावं हायती नव्हं?"

"हो."

"त्येंचं नाव कडंला लिवलंसा. मग मधी काय हाय?"

मधे बबन होता. मी म्हटलं, "मावशी, ती जुनी नोंद. ती आता धरायची नाही."

"पर हाय न्हवं? माझ्या पोराचं नाव मेलेल्यांत तसंच ऱ्हाणार?"

"खोडता येत नाही. नियम आहे."

"माझाबी नेम हुता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, ताणला नाही.

मी साहेबांकडे बघितलं. साहेब चष्मा पुसत होते. माझ्या हातात पेन होतं. एक आडवी रेघ मारायला किती वेळ लागतो? पण इतक्या वर्षांचा हात, तो उचलेना.

"कुठं लिवलंय त्याचं नाव? दावा मला. वाचाया येत न्हाई मला."

एवढं मी करू शकत होतो. मी पान तिच्याकडे वळवलं आणि बोट ठेवलं, "इथं." बोट बाजूला घेतलं. तिनं वाकून ती अक्षरं नीट बघून घेतली. मग उघड्या स्टॅम्पपॅडवर अंगठा पुन्हा टेकवला आणि तो नेमका त्यांच्यावर ठेवला, दाबला, आणि उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, चूल सारवावी तसा फिरवला. मी तिचा हात धरू शकलो असतो. धरला नाही. तिनं अंगठा उचलला तेव्हा तिथं बबन नव्हता. जांभळा डाग होता.

अंगठा लुगड्याला पुसत तिनं आम्हाला हात जोडले आणि लेकाबरोबर एसटी गाठायला गेली. दुसऱ्या दिवशी बबन साताऱ्याला वेळेत पोचला. त्याला नोकरी लागली, बापाच्याच टोळीत, घाटातच. हे मला त्या मुकादमानं कळवलं.

पुढच्या वर्षी तपासणीचे लोक आले. पानं उलटत त्या पानावर थांबले आणि शेरा मारला, 'मूळ नोंदीवर डाग असून नाव वाचता येत नाही. संबंधित लिपिकाचा लेखी खुलासा घ्यावा.' मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'माझ्या हातून शाई सांडली.' खाली सही केली आणि कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि शेजारी लिहिलं, 'माझ्यासमक्ष.'